अडीच बोटांवरची रेघ

"याला हात कुणी लावला?"

पाचरनं आवाज चढवला नव्हता. म्हणूनच शोरूमनं खिशातून रुमाल काढून मान पुसली.

सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि कंपनीची बाई अकराला यायची होती. कारखान्याच्या पूर्वेकडच्या खिडक्यांतून उजेड तिरपा आत घुसत होता. मधल्या टेबलावर आबांचा जुना रंधा पडला होता, पातं काढून शेजारी ठेवलेलं. पात्याची धार अशी चमकत होती की दाराजवळ स्टुलावर बसलेल्या आत्यालाही ती दिसत होती. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. धार आहे, तर चमकणारच.

"मी लावला," शोरूम म्हणाला. "म्हणजे परवा धारवाल्याकडे पाठवलं. किती कळकट झालं होतं ते! त्यांना आज फोटो काढायचेत. म्हटलं, जरा माणसात आणू."

"माणसात."

"मशिनवर घेतलं त्यानं. दहा मिनिटांत आरसा. बघ ना, दाढी होईल त्यावर."

"झालीच की, बिनपाण्यानं," पाचर म्हणाली. "रेघ गेली, काका."

शोरूम म्हणजे आबांचा धाकटा मुलगा, आत्याचा भाऊ. तीस वर्षं दुकानाच्या काचेमागे बसून गिऱ्हाइकांना एकच गोष्ट सांगत आला म्हणून वहिनीनं कधीतरी चिडून ठेवलेलं हे नाव, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता त्यालाही ते आवडायचं. पाचर ही थोरल्या भावाची आणि वहिनीची मुलगी. रंध्याचं पातं जागच्या जागी घट्ट बसावं म्हणून जो लाकडाचा तुकडा ठोकतात, ती पाचर. लहानपणी दोन माणसं बोलत बसली की ही मधे घुसून बसायची. आता एकतीस वर्षांची झाली, तरी सवय गेली नाही. थोरला सव्वा महिन्यापूर्वी गेला. त्याच्या शेवटच्या नऊ वर्षांत त्याचा हात थरथरायचा, तेव्हा कारखान्यातला रंधा तीच मारायची. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि दुकानात कुणालाही नव्हतं.

आणि रेघ. या घराचं नाव त्या रेघेवर उभं होतं. या कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक टेबलाच्या फळीखाली, प्रत्येक खणाच्या तळाला, शेवटचा एक हात आबांच्या रंध्याचा फिरायचा. बाकी सगळं काम दुसऱ्या रंध्यांनी व्हायचं. हा रंधा फक्त त्या शेवटच्या हातासाठी. तो फिरला की लाकडावर केसाएवढी उंच रेघ उरायची, रंध्याच्या डाव्या कडेपासून अडीच बोटांवर. डोळ्यांना दिसायची नाही, बोटाला लागायची. गिऱ्हाईक टेबलाखाली हात घालून ती चाचपायचं आणि मग शोरूम गोष्ट सांगायचा: माणसाच्या हातचं काम अगदी निर्दोष झालं तर त्याला गर्व चढतो, म्हणून आमचे वडील मुद्दाम एक रेघ सोडायचे. ऐकणाऱ्याचे डोळे ओले व्हायचे. टेबल खपायचं.

"गेली म्हणजे?" शोरूमला अजून कळत नव्हतं. "रंधा तोच आहे ना? त्याच्या खालच्या लाकडात काहीतरी आहे, त्यानं ती येते."

पाचर त्याच्याकडे बघत राहिली. मग हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

"खालच्या लाकडानं?"

"मग कशानं?"

"धारेला एक खांड होती, काका. एवढीशी, सुईच्या टोकाइतकी. तेवढ्या जागी पातं कापत नाही, म्हणून तिथं लाकूड उभं राहतं. तीच रेघ. तुम्ही ती खांड घासून काढलीत. दहा मिनिटांत."

माणूस तीस वर्षं एक वस्तू विकतो आणि ती कशानं होते हे त्याला ठाऊक नसतं. अशाच माणसांच्या हाताशी हात मिळवायला कंपन्या येतात, आणि ज्याच्या हातून ती होते त्याला बाहेर थांबायला सांगतात. आत्याला याचं नवल वाटलं नाही. तिला आज कशाचंच नवल वाटून घ्यायचं नव्हतं. ती सही करायला आली होती. पर्समध्ये पेन होतं, चष्मा होता, परतीचं तिकीट होतं. दुपारची गाडी पकडायची होती.

तिच्या सहीचंच अडलं होतं. कारखान्याचं नाव, रंधा आणि रेघ, तिन्ही कंपनीला द्यायचे कागद तयार होते. शोरूमनं सही केली होती. थोरल्याच्या जागी वहिनीनं केली होती. तिसरा वाटा आत्याचा. पाचरची सही कुणाला नको होती, कारण तिचं नाव कशावरच नव्हतं. कागद झाले की हे शेड बंद होणार होतं. पाचरला मात्र कंपनी काम देणार होती: शनिवार-रविवार, त्यांच्या मोठ्या दुकानाच्या काचेत उभं राहून, एप्रन घालून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर रंधा मारायचा. एकच फळी. संपली की दुसरी.

"एप्रनवर रेघ छापलेली असेल," पाचर काल जेवताना म्हणाली होती. "डावीकडून अडीच बोटांवर."

कुणी हसलं नव्हतं.

"मी म्हणते, आता भांडून काय उपयोग?" वहिनी कोपऱ्यातून म्हणाली. तिचा हात थांबला नव्हता. समोर अक्रोडाच्या लाकडाचं गोल टेबल होतं आणि ती त्यावर लाखेचं पॉलिश चढवत होती. कापडात गुंडाळलेला कापसाचा बोळा, त्यात स्पिरिटमधे विरघळवलेली लाख, आणि हात आठाच्या आकड्यात गोल गोल. हे काम मधे थांबवता येत नाही. बोळा क्षणभर जरी एका जागी टेकला तरी तो चिकटतो आणि खालचे सगळे थर उचकटून येतात. म्हणून वहिनी चौतीस वर्षं सगळ्या भांडणांत हात न थांबवता बोलत आली होती, तीही कुणाच्या तोंडाकडे न बघता. "वन्सं, तुम्ही सही करून मोकळ्या व्हा. तुमची गाडी चुकायची. रेघेचं हे लोक बघतील."

"आई, तुला खरंच हे बंद व्हायला हवंय?"

"मला काय हवंय ते विचारलंस तर सांगते. मला हात हवेत माझे." वहिनीनं डावा हात वर केला. बोटांची टोकं तपकिरी, नखांच्या कडा फाटलेल्या. "पाणी लागलं तरी चुरचुरतात. ही जागा गेली की मी सकाळी उठून खिडकीत बसणार आहे. कशालाही हात लावणार नाही."

"बघ," शोरूम म्हणाला. "तुझी सख्खी आई म्हणतेय."

"तुम्ही मधे बोलू नका, भावजी. तुमच्यासाठी नाही म्हणत मी."

शोरूम टेबलापाशी आला, पातं उचललं, उजेडात धरलं, खाली ठेवलं. त्याचं डोकं चालू लागलं की तो चप्पल वाजवायचा. आता ती वाजू लागली.

"खांड पुन्हा नाही पाडता येणार?"

पाचरनं पात्याच्या धारेजवळून अंगठा फिरवला.

"येईल ना? तू पाड. बाई येईपर्यंत तास आहे."

"येते की," पाचर म्हणाली. "दर वेळी पाडतातच."

"दर वेळी?"

"काका, रंध्याला धार लावावी लागते. धार लावली की खांड जाते. आबांच्या वेळची खांड कधीच गेली असेल, पहिल्याच वर्षी. पातं अर्धं झिजलंय. तुम्हाला काय वाटलं, छप्पन्न वर्षं ती तशीच राहिली? बाबा प्रत्येक धारेनंतर ती पुन्हा पाडायचे. नंतर मी पाडायला लागले."

वहिनीचा हात फिरत होता, पण हळू झाला.

"आतून कडी लावून बसायचे, तेव्हा?" तिनं विचारलं.

"तेव्हाच."

"मला वाटायचं सिगारेट ओढतात."

"सिगारेट मागच्या दारी ओढायचे, आई."

पाचर भिंतीवरच्या फळीकडे गेली आणि तिनं तिथून एक चपटा पत्र्याचा डबा आणून टेबलाच्या आत्याकडच्या टोकाला ठेवला. त्यात दोनच वस्तू. एक धार लावायचा तिकोनी दगड, बोटभर लांब, कडा झिजून गुळगुळीत. दुसरी लाकडाची पातळ पट्टी, तिच्यावर पटाशीनं कोरलेली एक खूण. पट्टी पात्याला लावायची, खुणेच्या जागी दगडाची कड ठेवायची आणि घासायचं.

"बस एवढंच," ती म्हणाली. "अर्धा तास लागतो. घाई केली तर खांड रुंद होते."

"मग लाग कामाला!" शोरूमच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. "अगं, तू वाचवलंस. आधीच सांगायचंस ना."

"पाडत नाही मी."

"काय?"

"पाडत नाही. तुम्ही पाडा. डबा घ्या, दगड घ्या. तीस वर्षं विकलीत, एकदा करून बघा."

"हे बघ, माझ्याशी खेळू नकोस. त्यांच्यासमोर रेघ उमटली नाही तर कागद रद्द. सरळ लिहिलंय त्यात. प्रत्यक्ष दाखवायचं आहे, नव्या फळीवर."

"वाचलंय मी."

"म्हणजे तुला सगळं मोडायचंच आहे. तुझ्या आईच्या हातांपेक्षा तुला हे भुशाचं कोठार मोठं आहे."

"आईचे हात तुम्हाला आज दिसले का हो?"

आत्यानं पट्टी उचलली. कुणाच्या लक्षात आलं नाही. भांडण तिच्या डोक्यावरून चाललं होतं, आणि तिला सवय होती. तिनं सदतीस वर्षं मोजणी खात्यात नकाशे आखले होते, आणि तिथंही साहेब लोक तिच्या डोक्यावरूनच भांडायचे, ती खाली मान घालून रेघा मारायची. तिनं पट्टीच्या टोकाला करंगळी लावली, मग शेजारचं बोट. दोन बोटांतच खूण आली. खरं तर दोन पुरती भरलीही नाहीत.

"अडीच नाहीत ही," ती म्हणाली.

शोरूम थांबला. "काय गं ताई?"

"अडीच बोटं म्हणतोस ना तू गिऱ्हाइकांना? दोनच आहेत."

"असेल काहीतरी. आबांची बोटं..."

"आबांची बोटं माझ्यापेक्षा जाड होती. त्यांची दीडच भरतील."

"आत्या," पाचर म्हणाली. तिचा आवाज एकदम उतरला होता. "ती तुझीच बोटं आहेत."

कारखान्यात बोळ्याचा आवाज तेवढा येत होता, कापड लाकडावर सरकल्याचा.

"तू बारा वर्षांची होतीस तेव्हाची," पाचर पुढं म्हणाली. "बाबांनी सांगितलं मला. ज्या दिवशी मी पहिल्यांदा खांड पाडली त्या दिवशी. मी विचारलं, माझी तर दोनच भरतात, मग अडीच का म्हणतात? तेव्हा म्हणाले, ज्या हातानं मोजलं तो लहान होता. रंधा फरशीवर पडला, तोंडावर. तू तो उचललास आणि खांड बघितलीस, बोटं ठेवून मोजलीस, आणि म्हणालीस, 'दादा, अडीच बोटांवर आहे, तेवढी जागा सोडून मार, कुणाला कळणार नाही.' तेवढ्यात आबा आले."

"पुढचं मला माहीत आहे," आत्या म्हणाली.

"मला नाही माहीत," शोरूम म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. तेव्हा तो रांगत होता. "कुणाच्या हातून पडला?"

आत्यानं पट्टी डब्यात ठेवली.

पुढचं असं होतं. आबांनी रंधा तिच्या हातात बघितला आणि तिच्या थोबाडीत मारली. कानात दोन दिवस शिट्टी वाजत होती. पोरीची जात, हिला आत येऊ कुणी दिलं, म्हणाले, आणि पुन्हा या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. बाहेर गिऱ्हाईक गाडी घेऊन उभं होतं. टेबलाच्या खालच्या बाजूवर शेवटचा हात राहिला होता. आबांनी दुसरा रंधा शोधत बसण्यापेक्षा तोच मारला. खालची बाजू, कोण बघतंय. गिऱ्हाइकाच्या बोटाला रेघ लागली. हे काय, त्यानं विचारलं. आबा म्हणाले, ती आमची सही. झालं. गर्वाबिर्वाची गोष्ट नंतर शोरूमनं बसवली.

आणि थोरला, चौदा वर्षांचा, कोपऱ्यात सालपटं गोळा करत राहिला. वाकून. एकही शब्द बोलला नाही.

हात लाकडावरून फिरवून तंतूंची नस कुठल्या दिशेनं धावते हे सांगणं तिला जमायचं, थोरल्याला नाही. उलट्या नसेवर रंधा मारला की लाकूड उचकटतं. तो दर फळीला तिला हळूच विचारायचा, आणि ती डोळे मिटून तळवा फिरवून सांगायची. त्यासाठीच ती आत यायची. त्या दिवसानंतर थोरला स्वतःच शिकला. दहा वर्षं लागली त्याला. ती बाहेर रेघा मारायला शिकली. घरात दोघं बोलायची: हवा, तब्येत, कोण आलं, कोण गेलं. सव्वा महिन्यापूर्वी ती आली तेव्हाही घरातच बसली. कारखान्याच्या उंबऱ्याच्या आत ती छप्पन्न वर्षांनी आज आली होती, आणि तीही दाराजवळच्या स्टुलापर्यंतच.

"माझ्या हातून नाही पडला," ती म्हणाली.

"बाबांच्या हातून," पाचर म्हणाली.

तेव्हा वहिनीचा हात थांबला.

थांबला तो टेबलाच्या बरोबर मधोमध. तिच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. बोळा ओढला तसा तळहाताएवढा थर उचकटून आला, डाग उरला. चार दिवसांचं काम. वहिनीनं डागाकडे बघितलं नाही. ती पाचरकडे बघत होती, आणि चौतीस वर्षांत बोलताना तिनं कुणाच्या तोंडाकडे बघितलेलं आत्याला आठवत नव्हतं.

"तुला सांगितलं त्यांनी," वहिनी म्हणाली. "मला नाही."

"आई..."

"मी शेजारी झोपत होते. तुला सांगितलं. आणि वन्संना?" ती आत्याकडे वळली. "तुम्हाला कधी बोलले? एकदा तरी?"

"नाही."

आत्याला वाटत होतं की थोरला विसरला. पोरवयातली गोष्ट, माणसं विसरतात. आपण तेवढे विसरलो नाही, कारण कान आपला होता. या समजावर तिनं त्याला बऱ्यापैकी माफ करून टाकलं होतं. आणि हा माणूस दर दोन-तीन महिन्यांनी आतून कडी लावत होता, तिच्या बोटांचं माप लावत होता आणि अर्धा तास दगड घासत होता. सगळं आठवत होतं त्याला. बोटांसकट. फक्त घरात चहाचा कप पुढं करताना आठवत नव्हतं. तिला रडू आलं नाही. तिला त्याचा राग आला, आणि जिच्यावर राग काढावा ती व्यक्ती सव्वा महिन्यापूर्वी निसटली होती.

"बरं," शोरूम म्हणाला. "वाईट झालं. फारच वाईट. पण आता साडेदहा होत आले. ताई, तूच सांग हिला. तुझं ऐकेल ती. तुझी सही आणि तिची ती खांड, एवढं झालं की आपण सगळे शांतपणे बसून यावर बोलू."

"आत्या," पाचरनं तिकोनी दगड तिच्यापुढं धरला, "रेघ तुझी आहे. तू म्हणालीस तर पाडते. नाही म्हणालीस तर नाही. काकांचं नाही ऐकायचं मला, तुझं ऐकते."

आत्यानं दगड घेतला. दिसायला एवढासा, पण जड होता. एक कड इतर दोन कडांपेक्षा जास्त झिजली होती.

दारात बुटांचा आवाज आला. कंपनीची बाई वेळेआधी आली होती. तरुण होती, नीटनेटकी, पायाखालची सालपटं चुकवत टाचांवर चालत आली, खोल श्वास घेऊन म्हणाली, "अहाहा, काय वास आहे! हा वास बाटलीत भरायला हवा." तिच्या हातात गुळगुळीत कागदाचं पुस्तक होतं. मुखपृष्ठावर आबांचा फोटो आणि खाली शोरूमची गोष्ट, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

"सगळं तयार?"

"एक छोटीशी तांत्रिक अडचण..." शोरूमनं सुरुवात केली.

"रेघ नाही," आत्या म्हणाली. "परवापर्यंत होती. पुसली गेली."

"म्हणजे, आजी?"

"आत्या म्हण. आजी मी कुणाचीच नाही." आणि तिनं सांगून टाकलं. दहा-बारा वाक्यांत, नकाशाच्या कडेला टीप लिहावी तसं. रंधा कुणाच्या हातून पडला, तो कुणाच्या हातात सापडला, मार कुणाला बसला, पुढं कोण किती वर्षं गप्प बसलं. शोरूम मधे दोनदा खोकला. तिसऱ्यांदा त्यानं नाद सोडला.

कंपनीच्या बाईनं ऐकून घेतलं. मग तिचा चेहरा उजळला.

"पण ही तर जास्त चांगली गोष्ट आहे!"

कुणाला काही समजलं नाही.

"खरंच सांगते. ते गर्वाचं जरा जुनाट होतं, आमच्याकडे दोघांनी म्हटलंही होतं. हे किती खरं आहे! लहान मुलगी, तिची बोटं, भावाचं प्रायश्चित्त. लोक रडतील. आपण हीच छापू. तुमचा एक फोटो घेऊ या, हात असा पुढं. खांड काय, आमचा माणूस पाडून देईल, पट्टी आहे ना?"

"आहे!" शोरूम एकदम म्हणाला. "पट्टी आहे!"

आत्यानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मुलीच्या चेहऱ्यावर वाईट हेतू नव्हता. तोच तर त्रास होता. तिला खरंच आवडलं होतं.

"थोबाडीत कुठं छापणार?" आत्यानं विचारलं.

"सॉरी?"

"बोटं मुखपृष्ठावर येतील. भाऊ आत येईल. पण ती थोबाडीत कुठल्या पानावर घ्याल? की ती कापाल? फार लांब होत असेल गोष्ट."

"नाही, म्हणजे, ते आपण संवेदनशीलपणे..."

"मी मारून दाखवते तुला एक, मग ठरव किती मापाची छापायची."

"ताई!" शोरूम ओरडला.

"ओरडू नकोस. मारत नाहीये." आत्यानं पर्स उघडली. शोरूमला वाटलं पेन काढतेय. त्यानं कागद पुढं सरकवलेसुद्धा. तिनं तिकोनी दगड पर्समधे टाकला, चष्म्याच्या घराशेजारी. मग डब्यातली पट्टी घेतली, दोन्ही हातांत धरून मोडली आणि तुकडे खाली सालपटांत टाकले. साधी पट्टी होती. मोडताना फारसा आवाजही झाला नाही. "ती रेघ म्हणजे चूक होती. दुरुस्त झाली. तुझ्या त्या धारवाल्याला माझ्यातर्फे शाबासकी दे. सही मी करत नाही."

कंपनीची बाई दारातून बाहेर पडताना म्हणाली की त्यांनी विचार करावा, घाई नाही. शोरूम तिच्या मागोमाग गाडीपर्यंत गेला. त्याचा आवाज आतपर्यंत येत होता, तोच गिऱ्हाइकांशी बोलायचा आवाज, लाख लावल्यासारखा. मग गाडी सुरू झाली. तो मात्र आत आला नाही.

"झालं तुमचं?" वहिनी म्हणाली. ती डागावर स्पिरिटचं फडकं टाकून सगळा थर उतरवायला लागली होती. एवढा डाग झाकता येत नाही, पहिल्यापासून करावं लागतं. "तुम्हाला न्याय मिळाला. हिला शेड मिळालं. माझे हात कुणी विचारले?"

"कुणी नाही," आत्या म्हणाली. "तुझं बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणून काय करू मी त्याचं?"

वहिनी फडकं घासत राहिली. थोड्या वेळानं तिनं पाचरला विचारलं, मान वर न करता, "आणखी काय काय सांगितलंय तुला तुझ्या बापानं?"

"एवढंच, आई."

"बघते मी. रात्री जेवताना आठवून ठेव."

पाचरनं पातं रंध्यात बसवलं, पाचर ठोकली, रंधा उलटा करून डोळ्यांसमोर धरला, पुन्हा एक हलकी टिचकी मारली. दाखवण्यासाठी आणलेली नवी फळी टेबलावर घट्ट बसवलेली होतीच. ती रंधा मारणार, एवढ्यात आत्या स्टुलावरून उठली. गाडीला अजून दोन तास होते.

"इकडं आण."

पाचरनं रंधा दिला. आत्यानं तो धरला, जरा खाली-वर केला. मग तो बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि उजवा तळवा फळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला, परत आणला. अडुसष्ट वर्षांचा हात होता, त्वचा सैल झालेली, मधल्या बोटावर पेनाचा घट्टा. तो दोनदा फिरला आणि थांबला.

तिनं काही न बोलता फळीच्या पकडी सैल केल्या, फळी उचलली आणि या टोकाचं त्या टोकाला करून पुन्हा लावली.

पाचरनं फळीकडे बघितलं. वाकून उजेडात नीट बघितलं. आधी ती उलट्या नसेनं बसवलेली होती. मग तिची मान लाल झाली.

पहिला हात घसरला. रंधा टणकन उडाला, लाकडावर ओरखडाही उठला नाही. आत्यानं पाय थोडे लांब ठेवले, पुन्हा टेकवला आणि ढकलला, खांद्यातून नाही, कमरेतून. सालपट निघालं. रंध्याच्या तोंडातून वर आलं, वळलं आणि फळीच्या शेवटापर्यंत न तुटता आलं, इतकं पातळ की खालचा हात दिसावा. तिनं ते बाजूला केलं आणि कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं, आडवं, डावीकडून उजवीकडे. दोन बोटांच्या जागी जरा रेंगाळली.

तिथं काही लागलं नाही.

"आत्या," पाचर म्हणाली, "मी..."

"बाजूला सर," आत्या म्हणाली. "उजेडात उभी आहेस."